टोपणनाव : अर्थ, रूप आणि अधिकार

मराठीत 'नाव' ह्या शब्दाला जितकी क्रियापदे लागतात तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या नामाला लागत असतील. नाव ठेवतात, नाव घेतात, नाव काढतात, नाव सांगतात, नाव लावतात, नाव टाकतात आणि नाव बुडवतातही. ह्या सर्व प्रयोगांत 'नाव' म्हणजे केवळ ध्वनींचा समूह नव्हे. कोणीतरी कोणाच्या तरी बाबतीत केलेले ते कर्म आहे. ह्यांतील एक जोडी विशेष बोलकी आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या मुलाला ओळख देणे. 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. रूपाचा फरक केवळ वचनाचा आहे, परंतु त्या फरकाने अर्थ गौरवाकडून निंदेकडे वळतो. पाळण्यातले नाव एक आणि अधिकृत. त्यानंतर लोक जी आणखी नावे देतात त्यांत बहुधा दोषदर्शन असते, असा जुना सामाजिक अनुभव ह्या वाक्प्रचारात गोठलेला असावा. टोपणनावाचा विचार ह्या जोडीपासून सुरू करणे सोयीचे आहे.

टोपणनावांसंबंधी सामान्यतः जे लेखन होते ते दोन प्रकारचे असते. साहित्यिकांची कविनामे आणि त्यांची मूळ नावे ह्यांच्या याद्या, हा पहिला प्रकार. लोकव्यवहारातील नावांचे रंग, व्यंग, सवय, धंदा, गाव, प्रसंग अशा आशयानुसार वर्गीकरण, हा दुसरा. दोन्ही प्रकारांना उपयोग आहे. तथापि दोन्हींच्या मुळाशी एक समान गृहीत आहे, आणि ते तपासून पाहणे आवश्यक आहे. टोपणनावाचा अर्थ त्या नावाच्या शब्दात साठवलेला असतो, हे ते गृहीत होय. वस्तुतः शब्दाचा अर्थ हा टोपणनावाच्या अर्थाचा सर्वांत उथळ थर आहे. ते नाव कोणी दिले, कोण उच्चारू शकतो, कोणाच्या समक्ष उच्चारू शकतो आणि उलट कोणत्या नावाने हाक मारली जाऊ शकते, ह्या प्रश्नांच्या उत्तरांतच त्याचा खरा अर्थ सापडतो.

(१) संज्ञेचा प्रश्न

'टोपण' म्हणजे झाकण. ह्या अर्थाने पाहता 'टोपणनाव' ही संज्ञा मूळ नाव झाकणाऱ्या नावालाच शोभते. म्हणजे ती कविनामाला लागू पडते. परंतु आज हीच संज्ञा घरातल्या लाडक्या नावालाही लावतात आणि गावाने चिकटवलेल्या चिडवण्याच्या नावालाही. घरातले 'बाळ' किंवा 'बेबी' काहीच झाकीत नाही. आणि गावाने दिलेले नाव तर झाकण्याच्या उलट काम करते, ज्याला जे लपवायचे असेल तेच ते उघडे पाडते. म्हणजे एकाच संज्ञेखाली तीन भिन्न व्यवहार एकत्र झाले आहेत. कविनाम माणूस बहुधा स्वतः घेतो, लाडके नाव घरचे देतात, आणि चिडवण्याचे नाव परके लादतात.

ह्यांच्याशी 'ऊर्फ' ह्या शब्दाची तुलना करण्याजोगी आहे. हा शब्द अरबीतून फार्सीच्या मार्गाने मराठीत आला आणि दप्तरी भाषेत स्थिरावला. त्याचा रोख झाकण्यावर नसून ओळखीवर आहे. लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव तो नोंदवतो. 'टोपणनाव' नावाच्या धन्याच्या बाजूने पाहते, तर 'ऊर्फ' ओळखणाऱ्यांच्या बाजूने. शास्त्रीय चर्चेला ही दुसरी बाजू अधिक उपकारक आहे.

(२) केशवाचे चार पुत्र

शब्दार्थाने नाव कळत नाही, ह्याचा पुरावा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) ह्यांनी 'केशवसुत' हे कविनाम घेतले. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले हे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ह्या १९११ च्या ग्रंथाचे कर्ते. समासाचा विग्रह करू गेल्यास 'केशवसुत' हे पद कवीला जितके लागू आहे तितकेच ह्या वैयाकरणालाही आहे. दोघेही त्याच केशवाचे सुत. इतकेच नव्हे, धोंडो केशव कर्वे हेही एका केशवाचे सुत आणि प्रल्हाद केशव अत्रे हेही. अत्रे ह्यांनी विडंबनकवितेसाठी 'केशवकुमार' हे नाव घेतले. 'सुत' आणि 'कुमार' हे येथे समानार्थी आहेत, परंतु 'केशवसुत' म्हटल्यावर अत्रे कोणाला आठवत नाहीत आणि 'केशवकुमार' म्हटल्यावर दामले आठवत नाहीत. व्युत्पत्ती चौघांना एका घरात बसवते. वाचकसमाजाचा संकेत त्यांना निरनिराळे करतो.

नाव पडण्याचे कारण नाहीसे झाले तरी नाव टिकते, हा ह्याचाच दुसरा पुरावा. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. 'बाळ' हे घरातले नाव. हे घरातले नाव शाळेत, वकिलीच्या परीक्षेत आणि न्यायालयाच्या कागदांत गेले, आणि चौसष्टाव्या वर्षी मृत्यू आला तेव्हाही ते 'बाळ गंगाधर'च होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरविण्यात आले. पुढे कवी वाढला, त्याची कविता प्रौढ झाली. नावातले बालपण मात्र तसेच राहिले. जोतीराव फुले ह्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे; पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या कामामुळे 'फुले' हे नाव पडले. पेशवाई १८१८ साली संपली, नाव राहिले. येथे शब्दार्थ केवळ नावाची जन्मकथा सांगतो. नावाचे पुढील आयुष्य त्याच्या हाती नसते.

(३) रूपाचा साक्षीपुरावा

शब्दार्थ जे सांगत नाही ते मराठीत रूप सांगते. पुल्लिंगी आकारान्त सामान्यनामाचे सामान्यरूप 'या'कारान्त होते: घोडा–घोड्याला, टकला–टकल्याला. संबोधनाच्या एकवचनातही हेच रूप येते: 'अरे टकल्या'. चिडवण्याच्या नावात हे हाकेचे रूप प्रथमेच्या जागी जाऊन बसते आणि 'टकल्या आला' असा प्रयोग होतो. ज्या नावाचा जन्म हाक मारण्यासाठीच झाला ते पुढे कर्त्याच्या जागीही हाकेचाच वेष घालून वावरते.

ह्याच साच्यात विशेषनामेही ओतली जातात: राम्या, गण्या, बंड्या, पक्या, दिल्या. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'रामा', 'गोंदा' ह्यांसारख्या आकारान्त विशेषनामांना मराठी व्याकरणाने एक सवलत दिली आहे. त्यांचे सामान्यरूप 'रामाला', 'गोंदाला' असेच राहते, घोड्यासारखे विकृत होत नाही. 'राम्या', 'गोंद्या' म्हणणारा ही सवलत काढून घेतो. विशेषनाम सामान्यनामाच्या रांगेत उभे केले जाते. अवमान करण्यासाठी वेगळा शब्द लागत नाही. व्याकरणाचा एक हक्क काढून घेतला की तो होतो.

ह्याच्या उलट दिशेचा प्रवास आडनावांत दिसतो. काळा, बोबडा, लंगडा, टकला ही विशेषणे. त्यांवरून काळे, बोबडे, लंगडे, टकले ही आडनावे. येथील एकार हे आदरार्थी अनेकवचनाचे चिन्ह होय. 'टकल्या' आणि 'टकले' ह्यांचा शब्दार्थ एकच. परंतु पहिले एकवचनी हाकेचे रूप आहे, दुसरे अनेकवचनी उल्लेखाचे. चिडवण्याचे नाव आडनाव होते तेव्हा ते दोष टाकून देत नाही; ते केवळ वचन बदलते. त्यामुळे 'बोबडे' ह्या आडनावाच्या माणसाला कोणी वाणीचा दोष विचारीत नाही आणि 'काळे' आडनावाच्या गोऱ्या माणसात कोणाला विसंगती दिसत नाही. हा प्रवास उलटही करता येतो. फडके, गोखले ह्यांचे शाळेच्या आवारात फडक्या, गोखल्या होतात. पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली' (१९६२) मधील एका प्रसिद्ध व्यक्तिचित्राचे शीर्षकच 'अंतू बर्वा' असे आहे. 'बर्वे' मधले आदरार्थी अनेकवचन काढून घेतले की तो माणूस एकदम रत्नागिरीच्या आळीतला, ओट्यावर बसलेला, सर्वांच्या ओळखीचा होतो. त्याच माणसाला लोक 'अंतूशेट' म्हणतात. कधीकाळी काढलेले दुकान बुडाले, त्याच्या पाठीमागे 'शेट' तेवढा उरला. एकाच व्यक्तीच्या नावात एका बाजूला काढून घेतलेला आदर आणि दुसऱ्या बाजूला उपरोधाने दिलेला आदर असा हिशेब येथे जुळतो.

ह्या दोन रूपांच्या मध्ये 'ऊ'कारान्त नावे आहेत: रघू, सदू, गणू, यमू, शकू. ह्यांत लिंगभेद नाही आणि तुच्छताही नाही. ती घराच्या आतली रूपे आहेत. स्थूलमानाने असे म्हणता येईल की 'गणू' घरात जन्मतो आणि 'गण्या' अंगणाबाहेर.

(४) नातेवाचक नावे आणि उच्चाराचा निषेध

अण्णा, अप्पा, तात्या, नाना, दादा, भाऊ, बापू, बाबा, माई, अक्का, ताई ही नावे मूळची नातेवाचक. ह्यांतील अण्णा, अप्पा, अक्का ही द्राविडी भाषांच्या शेजारातून आलेली. 'तात्या'चा संबंध संस्कृत 'तात' शब्दाशी दिसतो. एकत्र कुटुंबात ही नावे नात्यापासून सुटी होतात. चुलत भावंडे ज्याला 'काका' म्हणतात त्याला त्याची स्वतःची मुलेही 'काका'च म्हणू लागतात. धाकटे दीर 'वहिनी' म्हणतात म्हणून मुलेही आईला 'वहिनी' म्हणतात. नातेवाचक शब्द येथे नाते सांगत नाही. तो घरातले स्थान सांगतो. ही नावे सार्वजनिक जीवनात गेली तेव्हा घराच्या रचनेचे हे चित्र तिकडेही गेले. तुकाराम भाऊराव साठे हे 'अण्णा भाऊ' झाले. त्या नावाचे दोन्ही घटक नात्याचे आहेत.

अशा नावांची गरज एवढी का भासली, ह्याचे एक कारण उच्चाराच्या निषेधात आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा होती आणि सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही असा दंडकही होता. ह्या दोन नियमांच्या कात्रीत सापडलेली आई मुलाला हाक कशी मारणार? दुसरे नाव देऊन. मराठ्यांच्या इतिहासातील काही प्रसिद्ध नावे ह्या प्रथेशी नेमकी जुळतात. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. तो 'नानासाहेब' झाला. बाळाजी महादेव भानू ह्यांचा नातू बाळाजी जनार्दन; तोही 'नाना' झाला, आणि फडणवीस म्हणून प्रसिद्धी पावला. संभाजीपुत्र शिवाजी हा आजोबांचे नाव घेऊन जन्मला आणि इतिहासाला 'शाहू' म्हणून परिचित झाला. त्याची नामकथा परंपरेने मोगली छावणीशी जोडली जात असली, तरी आजोबांच्या नावाला पर्याय हवा असणे ही परिस्थिती येथेही तीच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ह्या निषेधाला आणखी एक पदर आहे. विवाहसमयी ताम्हनातल्या तांदळांत नवे नाव लिहिण्याची प्रथा होती. यमुना रमा झाली आणि महादेव गोविंद रानडे ह्यांची पत्नी रमाबाई म्हणून वाङ्मयात आली; दुसरी यमुना आनंदी झाली आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्ध झाली. तांदळांत नाव लिहिले गेले त्या क्षणी पाळण्यातले खरे नाव माहेरचे टोपणनाव बनले. 'यमू' हा शब्द बदलला नाही, त्याचा अर्थ बदलला नाही. ते उच्चारण्याचा अधिकार मात्र एका घरापुरता मर्यादित झाला. टोपणनाव ही शब्दाची जात नसून शब्दाची स्थिती आहे, हे ह्याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मिळणे कठीण.

(५) विनोदी वाङ्मयाची साक्ष

रूप आणि स्थान ह्यांचे हे नाते मराठी विनोदकारांनी व्याकरणकारांच्या आधी हेरले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांच्या 'सुदाम्याचे पोहे' मधील बंडूनाना आणि पांडूतात्या ह्यांची नावे पाहावीत. पहिला घटक पोरवयाचा, दुसरा वडिलकीचा. चिं. वि. जोशी ह्यांच्या 'चिमणरावा'त चिमणे पण आहे आणि रावही आहे. 'गुंड्याभाऊ'त गल्लीतले 'या'कारान्त रूप आणि घरातला 'भाऊ' एकत्र नांदतात. पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या नावातील दोन प्रत्ययांचे भांडण वाचकाला ऐकू येते. कनिष्ठ मध्यमवर्गीय गृहस्थाची घरात मोठा आणि बाहेर लहान अशी जी कुचंबणा ह्या वाङ्मयाचा विषय आहे, तिचा सारांश त्या नावातच आला आहे. ह्या नावांचा विनोद शब्दकोशाच्या साहाय्याने उलगडत नाही. मराठी समाजात कोणता प्रत्यय कोणाला लागतो हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो कळणारच नाही.

(६) दगडू, केरू, धोंडू

विनोदात जे विसंगतीचे सुख देते तेच समाजात दुःखाचे कारण होते. ज्या घरी मुले जगत नसत तेथे मुलाला दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू अशी नावे ठेवीत. मृत्यूची किंवा दृष्टीची नजर मुलावर पडू नये, टाकाऊ वस्तू समजून तिने त्याला सोडून द्यावे, ही त्यामागील भावना. म्हणजे ह्या नावांचा शब्दार्थ तुच्छतेचा आणि हेतू अत्यंत वात्सल्याचा. ही प्रथा एका जातीची नव्हती. प्रसिद्ध गणितज्ञ छत्रे हे 'केरूनाना' होते. १८५७ च्या उठावातील नानासाहेबांचे नाव 'धोंडोपंत'. पुण्याच्या गणपतीमुळे ज्यांचे नाव आजही घेतले जाते ते हलवाई 'दगडूशेठ'.

परंतु पाळण्यात समान असलेली ही नावे मोठेपणी समान राहिली नाहीत. केरूला 'नाना' लागला, धोंडूला 'पंत' लागला, दगडूला 'शेठ' लागला. आणि गावकुसाबाहेरच्या दगडूचा 'दगड्या' झाला. पन्नाशीच्या माणसाला मालकाच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाने 'ए दगड्या' म्हणावे आणि त्याने 'जी' म्हणून उत्तर द्यावे, ही गावगाड्यातील नित्याची गोष्ट होती. दगड हा शब्द दोन्हीकडे एकच; एकाचा दगड प्रत्ययाने झाकला गेला, दुसऱ्याचा उघडा पाडला गेला. आशयानुसार वर्गीकरण करणारा अभ्यासक ह्या दोघांना 'अशुभनिवारक नावे' ह्या एकाच सदरात घालील, आणि मुख्य गोष्ट त्याच्या हातून निसटेल.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. महार समाजाला स्वतःचा आदरवाचक अंत्यशब्द होता. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईच्या स्मारकस्तंभावरील अनेक नावे '-नाक' ह्या अंत्यशब्दाने संपतात. त्याची व्युत्पत्ती 'नायक' ह्या शब्दापासून मानली जाते. म्हणजे नावाला आदर देण्याची रीत त्या समाजात नव्हती असे नाही. गावाच्या तोंडी तिला जागा नव्हती. पलटणीच्या नोंदीत जे नाव पूर्ण लिहिले जाई ते गावच्या चावडीवर खुडले जाई.

दया पवार ह्यांच्या 'बलुतं' (१९७८) ह्या आत्मकथनाची रचना ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. लेखकाचे पाळण्यातले नाव दगडू. पुस्तकात दगडू पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो, अशी योजना आहे. ही केवळ निवेदनाची क्लृप्ती समजणे हा अपुरा अभिप्राय होय. 'दया' हे नाव शहरातले, कचेरीतले, छापील पानावरचे. 'दगडू' हे महारवाड्यातले. एक नाव टोपण आणि दुसरे खरे, असा निवाडा येथे करता येत नाही. दोन्ही नावांना आपापला समाज आहे आणि दोन्ही समाजांत एकाच वेळी पूर्णपणे राहता येत नाही, ही लेखकाची वेदना आहे. 'टोपण' ह्या शब्दातील झाकण येथे प्रथमच खऱ्या अर्थाने जड होते.

(७) परस्परता

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचा अभ्यास करताना सत्ता आणि सख्य अशी दोन तत्त्वे मांडली. संबोधन दोन्ही बाजूंनी सारखे असेल तर सख्य, एकतर्फी असेल तर सत्ता. मराठीतील 'अरे-तुरे' आणि 'अहो-जाहो' ह्यांना हे तत्त्व लागू आहेच. टोपणनावांना ते अधिकच लागू आहे. 'राम्या' म्हणणाऱ्याला 'गण्या' असे उत्तर देता येत असेल तर ते नाव मैत्रीचे आहे. शाळासोबती साठीतही एकमेकांना ह्याच रूपांनी हाक मारतात, आणि तेथे 'रामराव' म्हणणे हाच दुरावा ठरतो. उत्तरात 'मालक' किंवा 'साहेब' म्हणावे लागत असेल तर तेच 'राम्या' दास्याचे आहे. तेव्हा 'या'कारान्त रूप हे स्वभावतः तुच्छतादर्शक आहे असे व्याकरणात लिहिणे चूक, आणि ते प्रेमदर्शक आहे असे लिहिणेही चूक. ते जवळीक सांगते. ती जवळीक दोघांच्या संमतीची आहे की एकाने बळकावलेली, हे रूप सांगत नाही, प्रत्युत्तर सांगते.

ह्या तत्त्वाचा सर्वांत उज्ज्वल पुरावा संतवाङ्मयात आहे. नामदेव आपल्या मुद्रेत 'नामा' होतात, तुकाराम 'तुका', चोखामेळा 'चोखा', जनाबाई 'जनी'. जग ज्यांना ज्ञानोबा, तुकोबाराय म्हणते ते स्वतःला खुडलेल्या नावाने संबोधतात. स्वतःचे नाव स्वतः खुडणे आणि दुसऱ्याने खुडणे ह्यांत जे अंतर आहे तेच नम्रता आणि अपमान ह्यांतले अंतर होय. परंतु विशेष अर्थपूर्ण आहे ती जनाबाई. तिने विठ्ठलाशी भांडताना त्याला 'विठ्या' म्हटले आहे. नामदेवाच्या घरची दासी, जिला गावात कोणालाही 'या'कारान्त हाक मारण्याचा अधिकार नव्हता, ती पंढरीच्या देवाला त्या रूपाने हाक मारते. पंडित भाष्यकार ह्याला भक्तीतील सलगी म्हणतील, आणि ते खरेच आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. जो एकतर्फी व्यवहार जनीला आयुष्यभर सोसावा लागला असेल तो तिने देवाच्या दारात परस्पर केला. देव तिला 'जनी' म्हणतो, म्हणून ती त्याला 'विठ्या' म्हणते.

(८) कविनाम: झाकण की नाते?

आता कविनामाकडे परत येता येईल. संतांच्या मुद्रेत केवळ खुडलेले नाव नसते. पुष्कळदा नातेही असते. एकनाथ आपल्या नावाशेजारी गुरू जनार्दनांचे नाव ठेवतात. जनी 'नामयाची दासी' म्हणून सही करते. सोयराबाईच्या मुद्रेत तर तिचे स्वतःचे नावच नाही. ती 'चोखियाची महारी' आहे. पती आणि जात ह्या दोनच गोष्टींनी ती स्वतःची ओळख देते. त्या मुद्रेत किती समर्पण आहे आणि किती भोगलेले वास्तव, ह्याची वाटणी करणे सोपे नाही.

अर्वाचीन कवींनी अभंगाची मुद्रा टाकली, परंतु नात्याने नाव घेण्याची रीत टाकली नाही. केशवसुत, माधवानुज, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, केशवकुमार: हे सर्व षष्ठी तत्पुरुष आहेत, आणि ह्या प्रत्येक समासात कवीचे स्वतःचे नाव अनुपस्थित आहे. राम गणेश गडकरी कवितेत धाकट्या गोविंदाचे थोरले भाऊ होतात; विनोदासाठी त्यांनी 'बाळकराम' हे दुसरे नाव घेतले आणि नाटके स्वतःच्या नावावर लिहिली. विष्णु वामन शिरवाडकर कुसुम ह्या बहिणीचे अग्रज होतात. शिरवाडकरांचे उदाहरण ह्या विवेचनाचा जणू सारांशच आहे. जन्माने गजानन रंगनाथ, दत्तकविधानाने विष्णु वामन, कवितेत कुसुमाग्रज, नाटकावर वि. वा. शिरवाडकर आणि नाशिककरांच्या तोंडी तात्यासाहेब. पाच नावांपैकी दोन वडिलांनी दिली, एक कवीने स्वतः घेतले, एक छापखान्याच्या आद्याक्षरांनी घडविले आणि एक लोकांनी दिले. ह्यांतील खरे कोणते, हा प्रश्न निरर्थक आहे. कोणते नाव कोणाच्या तोंडचे, हा प्रश्न सार्थ आहे.

'बी', 'अनिल', 'ग्रेस' ह्यांसारखी कविनामे ह्या परंपरेपासून दूर जातात. त्यांत नाते नाही; कवी तेथे खरोखर झाकणाआड जातो. चिंतामण त्र्यंबक खानोलकर 'आरती प्रभू' होतात तेव्हा वाचक लिंगाच्या बाबतीतही क्षणभर चकतो. 'टोपणनाव' ही संज्ञा व्युत्पत्तीनुसार ह्याच गटाला पूर्ण लागू पडते. म्हणजे ज्या गटावरून संपूर्ण वर्गाला नाव मिळाले तो गट त्या वर्गात अपवादात्मक आहे.

(९) निष्कर्ष

वरील विवेचनावरून टोपणनावाची व्याख्या शब्दार्थावर नव्हे, तर अधिकारावर उभी करावी लागते. एखाद्या व्यक्तीचे जे नाव उच्चारण्याचा अधिकार विशिष्ट गटाला असतो, किंवा जो विशिष्ट गट तो बळकावतो, ते त्या गटापुरते तिचे टोपणनाव होय. लाडके नाव, चिडवण्याचे नाव आणि कविनाम हे तिन्ही प्रकार ह्या व्याख्येत बसतात. भेद उरतो तो अधिकार दिलेला, घेतलेला की लुटलेला, एवढाच.

ही व्याख्या स्वीकारल्यास अभ्यासपद्धतीतही बदल करावा लागेल. बोलीच्या सर्वेक्षणात नावे गोळा करताना केवळ नाव आणि त्याचा अर्थ टिपून भागणार नाही. नाव कोणी दिले, कोण कोणाच्या समक्ष उच्चारतो, उलट हाक कोणती, आणि ज्याचे ते नाव आहे तो स्वतःची ओळख देताना ते सांगतो काय, ह्या चार गोष्टींची नोंद झाली पाहिजे. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. गावाने ज्याला 'दगड्या' म्हटले त्याचे नाव अभ्यासकाने आपल्या वहीत 'दगड्या' असेच उतरवून घेतले, तर ती वस्तुनिष्ठ नोंद ठरत नाही. गावाने बळकावलेला अधिकार अभ्यासकाने स्वतःकडे घेतला, एवढाच त्याचा अर्थ होतो. त्या माणसाला 'तुमचे नाव काय?' असे विचारल्यास तो बहुधा वडिलांच्या नावासह आपले पूर्ण नाव सांगेल. वहीत प्रथम ते नाव लिहावे. गाव त्याला काय म्हणते हे त्याखाली, म्हणणाऱ्याच्या नावासह लिहावे.